रिकाम्या जागेचा ठिपका

'टुंक!'... अहो, किती वर्षं झाली, तो आवाज अजून कानात आहे, आणि तुम्ही म्हणता कॉम्प्युटर गप्प असतो! कसला गप्प? आमच्या कोपरीच्या घरात दसऱ्याला दुपारभर ओरडत होता, टुंक, टुंक, आणि पोरगी माझी रडकुंडीला आलेली...

तुम्हाला सांगतो, आमची जया कॉम्प्युटर शिकलेली. क्लासवाल्यांनी मशीन दिलेलं घरी न्यायला, ते मी गोधडीत गुंडाळून रिक्षानं आणलेलं, मांडीवर, तान्ह्या पोरासारखं. संध्याकाळी वर्तकनगरचे गिल्बर्ट सर तिचं काम बघायला येणार, आवडलं तर नोकरी! काम कसलं म्हणाल, तर पडद्यावर चौकटी काढायच्या, त्यात मजकूर लिहायचा, चौकटीला चौकट रेघेनं जोडायची, की मासळीच्या पेट्यांवरच्या चिठ्ठ्या आपोआप छापून बाहेर! मी मासे पकडणारा माणूस, शाळा लांबूनच पाहिलेली. म्हटलं, "जया, शब्दांच्या मधे हे ठिपके कसले गं?"

"बाबा, ती रिकामी जागा. एरवी दिसत नाही ना, म्हणून ठिपका. छापताना जातो."

"आणि ही तिरकी रेघ नि एन?"

"म्हणजे इथून खालच्या ओळीवर उतर. तो एन वाचायचा नाही."

देवा रे! काहीच नाही, तेसुद्धा दिसतं! खाडीत जन्म गेला आमचा, पाण्याखालचं कधी असं दिसलं का?

जया कागद आणायला गेली, आणि आमची सगुणा, जयाची आई, आली पूजेचं ताट घेऊन. होडीची पूजा झाली, जाळ्याची झाली... "हेही हत्यारच की पोरीचं," म्हणाली, आणि काच नाजूक म्हणून काडीच्या टोकानं चंदनाचं गंध लावलं, एवढंसं! मी हात जोडले. वाळल्यावर ते त्या ठिपक्यांत असं मिसळलं, की मीच विसरलो.

जया आली. "अरे, सुरमईच्या मधे रिकामी जागा कशी?" पुसली. जाईना. अक्षर पुसलं, शब्द पुसला, चौकट पुसली, सगळ्या चौकटी पुसल्या! पुसायला काही उरलं नाही तसं मशीन ओरडायला लागलं, टुंक! आणि काळ्या पडद्यावर तो ठिपका आहे तिथेच... काहीच नाही, तेसुद्धा दिसतं! मी पुन्हा हात जोडले.

तेवढ्यात सर दारात. त्यांनी काचेवर बोट फिरवलं, नाकाशी नेलं. "चंदन?"

"मग? दसऱ्याला हत्यार कोरडं ठेवायचं?" सगुणा म्हणाली.

जयानं आईकडे असं बघितलं की बस! पण सर खाली बसले. "परत लिही. मी थांबतो." आणि लिहिलं हो पोरीनं, सगळंच्या सगळं, डोळे पुसत! कर्रर्र करत चिठ्ठी आली, वरच्या ओळीत सुरमई, खालच्या ओळीत कोपरी, आणि ठिपका नाही, तिरकी रेघ नाही, काही नाही! मी ती चिठ्ठी हातात घेऊन उन्हाला धरली, तरी नाही!

"सोमवारपासून ये," सर म्हणाले, "आईला मात्र घरीच ठेव."

मला आलं हसू. आवरेचना! सगुणानं माझ्याकडे एकदा बघितलं, माझ्या पुढ्यातली दसऱ्याच्या खिरीची वाटी उचलली, आणि आत निघून गेली.