बारा वेळा थांबलेलं वाक्य

मंडळी, ऐका! आधी एक प्रश्न. दुसऱ्याचं बोलणं सुधारणं हे मोठं पुण्य, की ते शेवटपर्यंत ऐकून घेणं? — मागे खांबाशी कोण पुटपुटलं? थांबा हो, उत्तराची घाई नको! आधी कथा ऐका.

मोरेश्वरराव खांबेटे. रेडिओवर बातम्या सांगायचे. आवाज काय! ऐकताना वाणी तराजू हातात धरून उभा राहायचा! पुढे नवे निवेदक त्यांच्या घरी शिकायला येऊ लागले. पद्धत ठरलेली — टेप सुरू, शिष्य बोलतोय, आणि चुकला की टेबलावर टक्! "थांब! पुन्हा!" हे आमचे पेटीवाले मी बेसूर झालो की डोळे वटारतात ना, तसंच! — बघा, वटारले!

एके दुपारी त्यांची बायको इंदुमती पदराला हात पुसत आली. "अहो, रेडिओवर बायकांच्या कार्यक्रमात आईची आठवण सांगायला बोलावलंय. माझी तयारी घ्याल?"

घेतली. पण ती कार्यक्रमाला काही गेली नाही. पुढे घरातही बोलणं कमी झालं. "हो." "नाही." "पान वाढलंय." मोरेश्वररावांना वाटलं, स्वभावच शांत!

वर्षं गेली. इंदुमती गेली.

मग घर खायला उठलं, मंडळी! फोटो होते, पण फोटो हाक मारतो का? म्हातारा तिच्या आवाजासाठी झुरू लागला. शेवटी मुलीला, शुभदाला, कपाटात त्या दुपारच्या तयारीची टेप सापडली. दोघं ऐकायला बसले.

"मी सासरी निघाले, तेव्हा आई मला म्हणाली, इंदू—"

टक्! "थांब! श्वास ऐकू येतोय. पुन्हा!"

"मी सासरी निघाले, तेव्हा आई म्हणाली, इंदू, तू—"

टक्! "घाई करतेस. पुन्हा!"

बारा वेळा! बाराही वेळा ती माउली उंबऱ्यातच अडकली! मग इंदुमतीचा बारीक आवाज —

"राहू द्या, तुमचा चहा टाकते."

एवढं एकच वाक्य नवऱ्यानं पुरं होऊ दिलं, मंडळी! पुढे नुसती खरखर.

शुभदानं विचारलं, "बाबा, आजी काय म्हणाली होती हो आईला?"

अख्ख्या जिल्ह्याला बोलायला शिकवलेला माणूस! "मी... विचारलंच नाही गं," म्हणाला, आणि ओक्साबोक्शी रडला.

तुम्ही त्याला हसू नका. मीही नाही हसत. आज सकाळी निघताना बायको मला काही सांगत होती. मी म्हटलं, "मुद्द्याचं बोल, गाडी चुकेल!" ती गप्प झाली. गाडी मिळाली हो! मुद्दा काय होता, देव जाणे. आत्ता कीर्तन संपवून खाली उतरलो की मी तिला फोन करणार. तुमच्या घरी कोण असं मधेच गप्प झालंय?

चला, नाम घेऊ. पण आज टाळ हळू वाजवा. शेजारच्याला काही म्हणायचं असेल, तर ऐकू येऊ दे.