दोन मायक्रोव्होल्ट

सासरे : तपासणीच्या कागदावर सही करतो हो, जावईबापू. पण हा दोनाचा आकडा कुठून उपटलात, तेवढं आधी सांगा.

जावई : मीटरवर आला, मामा.

सासरे : इनपुट उघडं ठेवून?

जावई : नाट्यगृहवाल्यांनी सांगितलंय तसंच.

सासरे : त्यांनी सांगितलंय, इनपुटला काही न जोडता, आवाज वाढवणाऱ्या या प्रीअँपची सळसळ पाच मायक्रोव्होल्टच्या आत हवी. तुम्ही थेट दोनवर आणलीत. बाराच्या बारा पेट्यांत! कमालच की.

जावई : कमी सळसळ नको का तुम्हाला?

सासरे : हवी. पण फुकटची नको. झाकण काढा.

जावई : आत्ता? टेम्पो दारात उभा आहे.

सासरे : उभा राहू दे. काढा.

(स्क्रू निघतात. सासरे चष्मा कपाळावर सरकवून पेटीत डोकावतात.)

सासरे : पट्टे तपकिरी, काळा, पिवळा. शंभर के, म्हणजे लाख ओहमचाच आहे रेझिस्टर. मला वाटलं, बदललात.

जावई : मी कशाला बदलू?

सासरे : तो हलका ट्रान्सफॉर्मर कोणी आणला होता?

जावई : परत केला ना तो! तीन वर्षं झाली त्याला.

सासरे : माझ्या लक्षात आहे एवढंच म्हणतो. कागद घ्या. रेझिस्टर नुसता पडून असला तरी सळसळतो. खोलीच्या उबेनं आतले इलेक्ट्रॉन स्वस्थ बसत नाहीत. शंभर के, खोलीची ऊब, वीस हजार हर्ट्झचा पट्टा आणि तो नेहमीचा स्थिरांक. चारानं गुणा, वर्गमूळ काढा. किती?

जावई : पाच पूर्णांक सात.

सासरे : मायक्रोव्होल्ट. तेही एकट्या रेझिस्टरचे. बाकीचं सर्किट अजून धरलेलंच नाही. आणि तुमच्याकडे दोन! जावई म्हणून निसर्गानं सूट दिली वाटतं?

जावई : मीटर जुना झालाय.

सासरे : मीटर माझा आहे, त्याला बोल लावू नका. दोन कधी येतात ते मला ठाऊक आहे. इनपुटची दोन टोकं वायरच्या तुकड्यानं जोडली की रेझिस्टरचं तोंड बंद. मग उरते ती फक्त सर्किटची सळसळ. जोडलीत ना वायर?

जावई : ...हो. जोडली.

सासरे : आणि माझी सही घेऊन पेट्या पाठवणार होतात! चाळीस वर्षांत या सहीची एक पेटी परत आली नाही. अशा माणसाच्या हाती मी मुलगी...

मुलगी : बाबा, पुरे. वायर मी जोडली.

सासरे : नवऱ्याला पाठीशी घालू नकोस.

मुलगी : मी कुठली? तोच घालतोय मला. तपासणी झाली त्या दोन दिवसांत हा इथे नव्हताच. कच्ची वही बघा, अक्षर कोणाचं आहे ते.

सासरे : ...तुझं. का गं?

मुलगी : वायर काढली की सहा यायचे. प्रत्येक पेटीत.

सासरे : मग मला सांगायचंस.

मुलगी : काय सांगू? आत्ता तुम्हीच मांडून घेतलंत ना त्याच्याकडून? शंभर के घातल्यावर पाचाच्या आत कोणालाच येता येणार नाही. हा सुरुवातीलाच म्हणाला होता, सत्तेचाळीस केचा घालू. तुम्ही म्हणालात, मला शिकवू नका.

(सासरे चष्मा डोळ्यांवर घेऊन कागदावरचा आकडा पुन्हा बघतात.)

मुलगी : तुमची चूक तुम्हाला सांगवेना मला. झालं ते एवढंच.

सासरे : सत्तेचाळीसनं किती येतात?

जावई : तीन पूर्णांक नऊ. सर्किट धरून साडेचारच्या आत.

सासरे : कधी काढलात हा आकडा?

जावई : पहिली पेटी जोडली त्या दिवशी.

सासरे : टेम्पोवाल्याला सांग गं, आज नाही. पुढच्या आठवड्यात ये म्हणावं.

मुलगी : आणि नाट्यगृहवाल्यांना?

सासरे : त्यांना मी सांगतो. माझा रेझिस्टर चुकला म्हणून. ...जावईबापू.

जावई : काय, मामा?

सासरे : बसा हो. मघापासून उभेच आहात.