अनिशची क्रँककेस

—नाही, थांब अवधूत, आधी माझं ऐक. इथे तू गाड्या तपासणारा साहेब असशील, पण मला काकूच म्हणतोस ना? मग ऐक. ह्या मोटरसायकलची क्रँककेस, हे इंजिनचं बाहेरचं कवच, जुनी नाहीये. बघून कळत नाही, माहितीये मला — अरे, कळू नये अशीच केलीय ती! आमच्या अनिशनं केलीय. मूळची दोन हजार चारला ह्याच धावपट्टीवर तडकली, तू होतास की तेव्हा, केवढं तेल सांडलं होतं — मग ब्रिस्टलला कामावरून सुटला की हेच. साच्यासाठी लाकडाचा पॅटर्न स्वतः कोरला, अॅल्युमिनियम ओतवून आणलं आणि घासत बसला. वरचा खडबडीतपणासुद्धा अगदी जुन्यासारखा.

नियम? मला नको शिकवूस. सुट्टीला घरी आला की आमच्या बर्मिंगहॅमच्या टेबलावर भाजी कमी आणि तुमच्या क्लबचे नियमच जास्त वाढले जायचे. पिस्टन बदला, आतलं सगळं नवं घाला — इंजिन व्हिंटेजच. पण बाहेरची क्रँककेस त्या काळातलीच हवी, नवी बसवली की गाडी मॉडर्न गटात. बरोबर ना? आणि मॉडर्नमध्ये त्या जपानी गाड्यांपुढे आमचं पन्नास सालचं इंजिन — हो रे, शेवटून पहिलं, ठाऊक आहे. चालवणाऱ्या नीनालाही ठाऊक आहे. बघ ना, भावाचं जाकीट घालून बसलीय, केवढं ढगळ होतंय तिला.

तू गप्प राहणार म्हणतोस. दोस्त होतास त्याचा, मायेनं म्हणतोस. व्हिंटेज गटात वेगाचं रेकॉर्ड होईल, अनिशला आवडलं असतं — आवडलंच असतं, नाही कशाला म्हणू? पण बेअरिंग बसवायच्या दिवशी ही क्रँककेस तापवून जरा सैल करायला माझ्या ओव्हनमध्ये घातली होती, आहे का तुला माहीत? केमोनं हातात जोरच नव्हता त्याच्या. मी हातमोजे घालून बाहेर काढली, हा खुर्चीतून ओरडतोय — आई, पटकन, गार होतेय! — आणि बेअरिंग अलगद आत गेलं, तर कसला हसला रे. घरभर तेलाचा वास, मी आपली खिडक्या उघडत बडबडतेय. त्यानंतर गॅरेजमध्ये गेलाच नाही तो. हॉस्पिटल, आणि मग — असो.

आता ही जुनीच म्हणायची, म्हणजे मी फ्रॉक घालायचे तेव्हा कुठल्यातरी कारखान्यात कुणीतरी केली म्हणायची. मग माझ्या पोरानं काय केलं? काहीच नाही? लग्न नाही झालं त्याचं, मूल नाही. जगात त्याच्या हातची एवढी एक वस्तू उरलीय, अवधूत, तीही त्याची नाही म्हणू? माझ्या तोंडानं? रेकॉर्डसाठी?

मॉडर्न लिही. नवी आहे, अनिशनं केलीय, लिही. येऊ दे शेवटची.

अरे, रडतोस काय असा, सगळे बघतायत. जा. पुढची गाडी बघ, जा.