लाल दोऱ्याची फुलं

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, आपले मुख्याध्यापक, माझे सहकारी, पालक, आणि अगदी मागच्या रांगेत बसवलेली माझी बागकाम मंडळाची मुलं, सर्वांना माझा नमस्कार.

निवृत्त होणाऱ्या बाईनं गोड बोलावं, डोळे टिपावेत आणि खाली बसावं, अशी रीत आहे. तसं भाषण मी लिहूनही आणलं होतं. ते पर्समध्येच राहू दे. कारण मघाशी हा गुच्छ हातात आला आणि माझं डोकं फिरलं.

सुंदर आहे ना? झिनियाची फुलं आहेत. आता जरा देठांकडे बघा. प्रत्येक देठाला लाल दोरा आहे. सजावट नाही हो ती! आमच्या मंडळाचा एकच कडक नियम: लाल दोऱ्याचं फूल बियाण्याचं. त्याला हात लावायचा नाही, झाडावरच सुकू द्यायचं. मुलं दरवर्षी सगळ्यात टपोरी, सगळ्यात गडद फुलं निवडतात. त्यावरून भांडतात, रुसतात, मग दोरा बांधतात. पहिल्या वर्षी ही झिनिया फिकट गुलाबी होती. आज रंग बघा! हा बाजारात मिळत नाही. मुलांनी तो निवडून निवडून आणलाय.

आणि सत्कार समितीनं आज सकाळी मंडळाच्या हरितगृहात जाऊन नेमकी तीच कापली. का? तर सगळ्यात मोठी होती म्हणून! वर मला म्हणे, "बाई, तुमच्याच बागेतली आहेत, तुम्हाला आनंद होईल." अहो, पेरायला राखलेलं धान्य दळून त्याचंच जेवण मला वाढलंत की! दोरा कुणालाच दिसला नाही? की दिसला, आणि पोरखेळ वाटला? समितीत विज्ञानाचे शिक्षकही आहेत. कोण ते सांगत नाही, ते खाली बघतायत तेवढं पुरे.

मुख्याध्यापक सर, तुम्ही माझ्यावर भरभरून स्तुतिसुमनं उधळलीत. ती तरी मुलांच्या वाफ्यातली नव्हती, आभारी आहे. पण त्याच दमात म्हणालात, नवीन शिक्षक येईपर्यंत हरितगृहाला कुलूप राहील. म्हणजे सुट्टीभर. काचेखाली पाण्यावाचून झाडं किती तग धरतील, सर? कापलेली झिनिया बाजूनं पुन्हा फुटते. रोज पाणी मिळालं तर त्या फुटव्यांवर फुलं येतील, बी धरेल. कुलूप लागलं तर हा रंग संपला. मग माझ्या कार्याचा गौरव कशाला? देखल्या देवा दंडवत मला नको.

हरितगृहाची चावी आज ऑफिसात जमा करायची आहे. मी करणार नाही. सुट्टीत रोज सकाळी मी येणार, मुलांना घेऊन. अध्यक्ष महोदय, हे नियमात बसत नसेल तर इथेच सांगा, सगळ्यांसमोर. थांबते मी.

चालेल, अशी अध्यक्षांची मान हलली. पालकहो, तुम्ही पाहिलंत.

समारंभासाठी राबलेल्यांचे आणि एवढं ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. रागाच्या भरात काही वेडंवाकडं बोलले असेन तर पोटात घाला. फुलांबद्दल मात्र माझ्याकडे माफी मागू नका. दोरे ज्यांनी बांधले ती मुलं मागच्या रांगेत बसली आहेत. गुच्छ मी इथे टेबलावर ठेवते. ज्यांनी फुलं कापली, त्यांनीच तो उचलून मुलांकडे न्यावा.