ओटीपी माझ्या फोनवर येतो

हॅलो?… हां, बोल गं स्वप्नाली. … मीच, मीच. तुझी वहिनीच बोलतेय. पिठाचे हात आहेत, स्पीकरवर टाकलाय. बोल.

काय आला? … मेसेज? … हो, टिंग वाजलं खरं आत्ता. मला वाटलं गॅसचा असेल. … थांब, करंगळीनं बघते.

ओटीपी आहे. … सहा आकडी. … तुला कशाला हवाय माझ्या फोनवरचा ओटीपी?

एक मिनिट, एक मिनिट… तू आहेस कुठं? … आकुर्डीला? … फ्रिजच्या दुकानात?

हं… हं… हो, रविवारी वास्तुशांती आहे, माहितीये की मला. सुट्टी टाकलीये मी. … डबल डोअर. बरं. … छान आहे गं, चांगलाच असणार. पण पैसे कुठून…

दादानं? … दादानं कार्डाचा फोटो पाठवला तुला? … पुढून-मागून? दोन्ही बाजूंनी? … म्हणजे मागचे तीन आकडेपण. वा. … आणि दुकानदारानं त्याच्यावर लिंक काढली. वा वा. … नाही गं, रागावले नाही. भाकरी थापतेय, म्हणून आवाज तसा येतोय.

नाही. … नाही म्हणजे नाही सांगणार. … ओटीपी. … अगं, ऐकू येतंय मला. दुकानात गाणी लावलीत तरी नीट ऐकू येतंय. … लवकर, लवकर काय? … वेळ संपेल? … संपू दे की.

कार्ड दादाचं आहे. हो. नाव त्याचंच आहे. पण बँकेत नंबर कुणाचा दिलाय? … हां, माझा. का दिला? चाकणला ह्यांच्या कंपनीत गेटवरच फोन लॉकरला ठेवावा लागतो. लाइनवर फोन दिसला की मेमो. मग ओटीपी लॉकरमध्ये वाजत बसणार. म्हणून माझा नंबर दिला. आणि बरं झालं दिला, देवालाच काळजी.

अगं, ऐक ना… ऐक. तू आधी दम खा. पाणी पी. दुकानात पाणी देतात. … मग माझं ऐक.

लिमिट मोकळं झालंय? … कोण म्हणालं? … दादा. … बरोबर. जुन्या कार्डाच्या वेळीपण तुझा दादा हेच म्हणाला होता. कर्ज उचलून दुसऱ्या बँकेच्या कार्डावर टाकलं, चार दिवसांनी मला म्हणतो, दीपा, जुन्या कार्डाचं लिमिट पूर्ण मोकळं झालं, टीव्ही घेऊ या का? … हसू नकोस. मी त्याच दिवशी ब्लाऊजची कात्री घेतली आणि त्या कार्डाचे चार तुकडे केले. नुसते तुकडे नाही, बँकेला फोन करून बंद करायला लावलं. पाऊण तास ती बाई मला विचारत होती, मॅडम, का बंद करताय? म्हटलं, घरात फार लाडकं झालंय म्हणून.

अगं, फिटलं नव्हतं ना ते! एका डब्यातले तांदूळ दुसऱ्या डब्यात ओतले, एवढंच. पहिला डबा रिकामा दिसतो म्हणून काय तांदूळ कमी झाले? … मग? … शहाण्णव हजार तिथं होते, शहाण्णव हजार इथं आले. वर फी, फीवर जीएसटी. फायदा एवढाच की सहा महिने व्याज नाही. आधी दर महिन्याला तीन हजाराच्या वर नुसतं व्याज जायचं. आम्ही आपले कमीत कमी रक्कम भरत बसायचो आणि आकडा जागचा हलायचा नाही. वर्षभर, स्वप्नाली. मला आमच्या कंपनीतल्या, लाइनवरच्या योगिनीनं सांगितलं, असं असं करता येतं म्हणून. पण ती काय म्हणाली माहितीये? सहा महिन्यांत फेडलंस तर वाचलीस. आणि त्या कार्डावर एक सुई जरी घेतलीस तरी त्या सुईला पहिल्या दिवसापासून व्याज.

हो, सुईला. मग फ्रिजला किती लागेल?

पाच हप्ते भरले. सोळा-सोळा हजारांचे. कसे भरले ते मला विचार. सहा महिने मी दुसऱ्या शिफ्टला ओव्हरटाइम करतेय, वायरींना टेप गुंडाळून गुंडाळून माझी बोटं बघ रविवारी. … एक राहिलाय. शेवटचा. पाच तारखेला. आज किती तारीख? … हां. चार दिवस. चार दिवसांवर आलेलं माझं, आणि तू मला म्हणतेस ओटीपी सांग.

हप्ता तू भरशील? … खरंच? … बरं, ऐक ना, रागवू नकोस, एक विचारते. हे कर्ज झालं कसं, माहितीये तुला? … अर्धवट माहितीये.

तुझा दादा पर्मनंट. कॉन्ट्रॅक्टच्या पोरांना कोण कार्ड देतंय? मग दसऱ्याचा सेल लागला की पोरं ह्याच्या मागं. ज्योतीरामभाऊ, एक फोन तुमच्या कार्डावर घ्या, हप्ता रोख देतो. एक नाही, दोन नाही, चार पोरांचे फोन घेतले. कारण ह्याला नाही म्हणता येत नाही. मोठेपणा वाटला. आणि पोरं वाईट नव्हती गं, तीन-चार महिने देत होती. मग कॉन्ट्रॅक्टचे सात महिने संपले आणि कंपनीनं चौघांना ब्रेक दिला, कामावरूनच कमी केलं. एका दुपारी गेटपास काढून घेतले. पोरं गावाला गेली, फोन पोरांच्या खिशात गेले, हप्ते आमच्या दारात राहिले.

एकच देतो अजून. किसन. परभणीकडचा. ब्रेकनंतर दुसरीकडं लागलासुद्धा नाही बिचारा, शेतात मजुरीला जातो. पण एक तारखेला पंधराशे येतात त्याचे. आजपण आले सकाळी. मेसेज करतो, ताई, पाठवले, भाऊंना सांगा. … कोण लागतो तो आपला? कुणी नाही.

आणि पाचवा फोन कुणाचा होता?

… हां.

तोच. तुझ्या हातातला. ज्याच्यावरून मला ओटीपी मागतेयस.

स्वप्नाली?… अगं… रडू नकोस दुकानात. लोक बघतात. … नाही, मी टोमणा मारला नाही. टोमणा मारायचा असता तर गेल्या राखीपौर्णिमेलाच मारला असता. … तू म्हणालीस हप्ता भरीन म्हणून मी बोलले. नसती म्हणालीस तर तो फोन मी तुला दिला असंच समजत होते.

कोण? … दुकानदाराला देतेस? … दे.

हां भाऊ, बोला. … नमस्कार. … नो कॉस्ट ईएमआय. बरं. … काहीच लागत नाही? … प्रोसेसिंग फी? … हां, तेवढीच. आणि जीएसटी? … हां, तेवढाच. आणि रोख घेतलं तर काही सूट? … दोन हजार? मग ते दोन हजार ईएमआयवाल्याला का नाही देत? … हां. म्हणजे तेच व्याज, आधीच कापून घेतलेलं. मग नो कॉस्ट कुठं राहिलं, भाऊ? … नाही, नाही, तुमचा धंदा आहे, तुम्ही बोला. … काय म्हणालात? नंतर सगळं दुसऱ्या कार्डावर ट्रान्सफर करून घ्या?

भाऊ, तिथूनच आलेय मी. परत पाठवू नका. … द्या तिच्याकडं.

टिंग वाजलं परत. … पुन्हा पाठवला त्यानं? … थांब. … स्वप्नाली, तू मला अठ्ठावीस हजार म्हणालीस ना? … मग इथं एक्केचाळीस हजार नऊशे नव्वद काय लिहिलंय?

… स्टॅबिलायझर. … वॉरंटी. … आणि बर्फ आपोआप पडतो तो? … अगं, बर्फ आपोआप पडून काय करणार आहात दोघं? सुजितरावांना तर थंड पाणी चालत नाही.

बोल. … बोल मनातलं. … हं. … हं.

सासू काय म्हणाली? … माहेरहून काय येणार म्हणाली. … सगळ्यांसमोर? … आणि तू म्हणालीस, दादा फ्रिज देतोय.

… कळलं. आत्ता कळलं सगळं.

अगं ऐक… स्वप्ना, ऐक ना. मला वाईट वाटलं. खरंच. मलापण असंच विचारलं होतं एकदा. पण आहेर म्हणजे खांद्यावर उचलून आणता येईल एवढा असावा. मी तुझ्यासाठी साडी घेतलीये, सुजितरावांना शर्टपीस, आणि मोठा पितळी समई-जोड. रोख घेतलाय. माझ्या ओव्हरटाइमचा. कुणाच्या बापाचं देणं नाही त्याच्यावर. सासूनं नाक मुरडलं तर मला पुढं कर, मी बोलते त्यांच्याशी.

मी कंजूष? … म्हण. … दादाला तुझ्यापासून तोडते? … म्हण, म्हण. सगळं म्हणून घे. तरी आकडे सांगणार नाही.

तुला माहितीये, वसुलीवाला माझ्या कंपनीच्या गेटवर आला होता? … नाही, तुला कुणी सांगितलं नसणार. मी घरातपण नव्हतं सांगितलं. आमच्या सगळ्या बायका बसमधून उतरत होत्या आणि तो मोठ्यानं विचारतोय, ज्योतीरामची बायको कोण? … कोण म्हणून विचारतोय. मी मान खाली घालून हात वर केला. शाळेत हजेरीला करतात तसा. … त्या दिवशी ठरवलं मी. परत कुणाच्या भिडेखातर हा हात वर करायचा नाही. दादाच्या नाही, तुझ्या नाही, तुझ्या सासूच्या तर अजिबात नाही.

थांब… दुसरा फोन येतोय. … तुझाच दादा. साडेअकरा झाले बघ, जेवणाची सुट्टी. लॉकरमधून फोन काढला असणार. … धर. ठेवू नकोस हां, धर.

हॅलो? … हो, आला होता. दोनदा आला. … नाही दिला. … नाही हो, नाही दिला.

काय?

… परत म्हणा.

बरं झालं नाही दिला?

… अहो, मग फोटो कशाला पाठवलात? … हं. … हं. बहिणीला तोंडावर नाही म्हणवत नाही. … आणि तुम्हाला माहीत होतं, ओटीपी माझ्याकडं येणार, मी काही देणार नाही. … म्हणजे तुम्ही हो म्हणून चांगले. आणि वाईटपणा मी घ्यायचा.

कधीपासून चाललंय हे? … नाही, सांगा ना. … तुमच्या चुलतभावाला गाडीला पैसे हवे होते, तेव्हा मला पुढं केलंत. ते मंडळाच्या वर्गणीचं, तेव्हा म्हणालात, ‘घरात दीपाला विचारतो.’ सगळ्या गावाला वाटतं ज्योतीराम सोन्यासारखा, बायको तेवढी खाष्ट. आणि मी वेडी, मला वाटायचं मीच खाष्ट आहे! मघापासून ती रडतेय. इकडं भाकरी उलटायची राहिली. आणि तुम्ही तिथं डबा उघडून बसलात.

नाही. आता नाही. … नंतर बोलू नाही. आत्ता. … तिला संध्याकाळी समजावतो नाही. ती दुकानात उभी आहे, दुकानदार तोंडाकडं बघतोय तिच्या. … अहो, थांबा. इथं एक बटण असतं. दोन्ही फोन जोडायचं. … घाबरताय कशाला?

… जोडला.

स्वप्नाली, आहेस? … तुझा दादा आहे लाइनवर. अहो, स्वप्नाली आहे. बोला.

…

बोला ना.

…

अहो, सुट्टी अर्धा तास आहे. त्यातली दहा मिनिटं गेली.

… मोठ्यानं. तिकडं गाणी चालू आहेत, तिला ऐकू गेलं नसेल.

… नाही. ‘दीपा नको म्हणते’ नाही. ते खोडा. परत.

… हां.

… ‘मला जमत नाही, स्वप्ना.’ हां. असं. … पुढचंपण सांगा. फोटो पाठवला ती चूक झाली. … हां.

ऐकलंस गं? … ऐकलंस. … काय झालं, आभाळ पडलं का कुणावर? … अहो, बघा, बोलता येतं की तुम्हाला. सोळा वर्षं झाली लग्नाला, आज आवाज फुटला.

नाही, आता मला नका विचारू. बहीण तुमची. स्वप्नाली, भाऊ तुझा. भांडा, रडा, काय करायचं ते करा. मी मधे नाही. … काय हो? … मी ठेवला तर सगळ्यांचाच कटेल?

कटू दे. एकमेकांचे नंबर आहेत ना तुमच्याकडं? मग लावा थेट.

रविवारी समई घेऊन येतेय, स्वप्नाली. आणि सहा तारखेला माझ्याकडं जिलबी आहे, दोघं या. … हो, रोखीची. … एक भाकरी करपली माझी. पावणेदोनची बस आहे.

ठेवते.