गणराजची जाड केबल

कंपनीतला गणराज सुपरवायझर झाला. पण असं काही घडलंच नाही, अशा चेहऱ्यानं धनेश भोसरीच्या बसरांगेत उभा होता. सोबत त्याच्याच कंपनीतला इलेक्ट्रिशियन अनिस होता, आणि मागची रांग कान देऊन ऐकत होती.

"गणराजच्या पार्टीला येणार ना, भावा?"

"कोण गणराज? तो पांढरं हेल्मेट घालून डबा खाणारा?"

"जळू नकोस राव."

"केबल-ट्रेमधली ती केबल आधी मीच टाकली होती. नव्वद डिग्री उष्णता सोसणारी!"

"अन् तिचं टोक ज्याला जोडलंस, ते टर्मिनल पंचाहत्तरच सोसणारं. तेच काळं पडलं."

"माझी केबल शाबूत होती!"

"गणराजनं टर्मिनल बघून जाड केबल टाकली, ती कमी तापते."

"लिहून घे अनिस. माननीय प्लँट मॅनेजर, सदर गणराज यांनी केबल निवडताना एकदा तरी चुकावे, ही नम्र विनंती."