पाच मीटरवरच्या पताका

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती, निवृत्त होणाऱ्या आमच्या प्रशिक्षक बाई, त्यांचे आजी-माजी विद्यार्थी, पालक मंडळी, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभे असलेले माझे पंपघरातले सोबती, सर्वांना माझा नमस्कार.

मी या तलावाचा देखभाल कामगार. पंप, गाळण्या, क्लोरीन, दोर, पताका, सगळं माझ्याकडे. छत्तीस वर्षं आपण मला पाठमोराच पाहिलंत, कुठेतरी वाकलेला. आज समोरून बोलायची पहिलीच वेळ, तेव्हा सांभाळून घ्या. कार्यालयाने मला दोन शब्द लिहून दिलेत. चांगले आहेत. 'क्रीडाक्षेत्रातील दीपस्तंभ' असंही त्यात आहे. पण तो कागद खिशातच राहू दे. मला जे सांगायचंय ते त्यात नाही.

मी इथे लागलो तेव्हा बाई एकोणीस वर्षांच्या होत्या. तलावावरची पोरं त्यांना 'उताणी' म्हणायची. बाई हसताहेत, म्हणजे आठवतंय. पाठीवर पोहण्यात त्यांच्या जवळपास कोणी नव्हतं. सतराव्या वर्षी राष्ट्रीय पदक, अठराव्या वर्षी दोन. त्यांच्या आई शिवणकाम करायच्या. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणायचो. सरावाच्या वेळी त्या वरच्या गॅलरीत बसून कुणाच्या तरी परकराला दुमड घालत असायच्या. सुई कपड्यात आणि डोळे पाण्यावर. बोट टोचलेलं मी कधी पाहिलं नाही.

पाहुण्यांपैकी सगळेच पोहणारे नसतील, म्हणून थोडं सांगतो. पाठीवर पोहणाऱ्याला भिंत दिसत नाही. डोळ्यांपुढे छत आणि छताचे दिवे, एवढंच. मग भिंत आली हे कळायचं कसं? त्यासाठी भिंतीच्या बरोबर पाच मीटर अलीकडे, पाण्यावरून आडवी, पताकांची दोरी बांधतात. पताका डोळ्यांवरून गेल्या की हात मोजायचे. बाईंचे पाच. पाचव्या हाताला बोटं भिंतीला. बाकीच्या मुली शेवटी मान वळवून भिंत बघून घ्यायच्या, त्यात वेळ जायचा. बाई बघायच्या नाहीत. त्यांचा मोजण्यावर भरवसा होता, म्हणजे खरं पाहता पताका बांधणाऱ्यावर भरवसा होता.

त्या वर्षी निवडचाचणी इथे होती. शंभर मीटर. पहिली येईल ती देशाच्या संघात. सकाळचा सराव झाला तेव्हा पताका जागेवर होत्या. दुपारी पाहुणे यायचे म्हणून तलावाच्या काठाला, शर्यत संपते त्या टोकाशी, सोफे मांडले. तेव्हाचे सचिव आले आणि म्हणाले, "अरे, तो खांब पाहुण्यांच्या नाकासमोर येतोय. फोटोत दोरीच दिसेल. पुढे सरकव."

मी म्हटलं, "साहेब, त्याचं माप असतं."

"शोभेच्या पताका त्या. त्यांना कसलं आलंय माप?"

भिंतीपासून तीन मीटरवर जुन्या शिडीच्या कठड्याची खोबण होती, दोन्ही काठांना. मी खांब उपटले आणि तिथे रोवले. ते सचिव आज हयात नाहीत. सगळं त्यांच्या नावावर ढकलायला आता काही लागत नाही, हेही मला कळतं. पण त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. नोकरीला चार महिने झाले होते, कायम व्हायचं होतं, आणि साहेबांपुढे तोंड उघडायची हिंमत एका वाक्यात संपली.

मुलींना निदान सांगून यावं म्हणून निघालो होतो. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. निघालो होतो, वाटेत कोणीतरी हातात पाण्याच्या ग्लासांचा ट्रे दिला. पाहुण्यांपुढे ट्रे धरून उभा होतो तेव्हा शिट्टी वाजली.

बाई सगळ्यांच्या पुढे होत्या, चांगल्या दीड अंगाने. पताकांखालून गेल्या. एक हात. दोन. तिसरा वर यायच्या आत डोकं भिंतीवर आपटलं. तो आवाज पाहुण्यांनीही ऐकला. त्यातल्या एकांनी विचारलं, काय पडलं?

मानेचा मणका दुखावला. सात महिने पट्टा. डावा हात आजही कानाच्या वर जात नाही. त्यानंतर बाई पाण्यात उतरल्या, पण पाठीवर कधी झाल्या नाहीत. एकोणिसाव्या वर्षी सगळं संपलं. मघाशी निवेदकांनी 'दुर्दैवी अपघातामुळे' म्हटलं. अध्यक्षमहोदय, दैवाचा तिथे काही संबंध नव्हता.

आता जे सांगतो ते मी घरीही सांगितलेलं नाही.

त्या संध्याकाळी, बाई दवाखान्यात असताना, मी ते खांब परत पाच मीटरवर नेले. कोणी सांगितलं नव्हतं. माझं मीच. दुसऱ्या दिवशी चौकशीला दोघेजण टेप घेऊन आले. दुसरं टोक धरायला कोणीतरी हवं होतं. ते मी धरलं. पाच मीटर भरले, इंचभर इकडे नाही की तिकडे नाही.

बाईंनी दवाखान्यातून जबाब दिला होता. पताका रोज चौथ्या दिव्याखाली असतात, त्या दिवशी दिव्याच्या पुढे होत्या, असा. चौकशीवाल्यांनी लिहिलं, डोक्याला मार लागल्याने खेळाडूचा गोंधळ झाला असावा. आणि खाली निष्कर्ष, 'खेळाडूची मोजणी चुकली.' हे वाक्य वर्तमानपत्रात आलं. पुढे कित्येक वर्षं इथले प्रशिक्षक नव्या पोरांना दटावायचे, नीट मोज, नाहीतर तिच्यासारखं होईल. मी शेजारी क्लोरीन मिसळत असायचो.

मावशींनी मला तीनदा विचारलं. तिसऱ्या वेळी मुद्दाम पंपघरापर्यंत चालत आल्या. म्हणाल्या, "बाळा, माझी पोर नऊ वर्षांची असल्यापासून मोजतेय. तिचं चुकायचं नाही. तू खरं सांग, खांब जागेवर होते ना?"

मी म्हटलं, "होते, मावशी."

त्यांनी मान हलवली आणि गेल्या. पुन्हा गॅलरीत आल्या नाहीत. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली.

पाच वर्षांनी बाई इथे प्रशिक्षक म्हणून रुजू झाल्या. पहिल्याच सकाळी हातात लोखंडी टेप. पोरं पाण्यात उतरायच्या आधी माझ्याकडे आल्या, टोक पुढे केलं आणि म्हणाल्या, "दादा, जरा धरा." दोघांनी मिळून पताकांचं अंतर मोजलं. दुसऱ्या दिवशीही. एकतीस वर्षं, रोज. तुम्हाला ती बाईंची शिस्त वाटली, नाही का? त्यावर लेखही आला होता, छान होता. मला ती शिस्त कधीच वाटली नाही. रोज पहाटे घरून निघताना ती टेप आधी आठवायची.

एकदा एका चुणचुणीत पोरीने विचारलं, "बाई, रोज काय मोजायचं? खांब काय रात्रीतून चालत जातात?"

बाई टेप गुंडाळत होत्या. म्हणाल्या, "एकदा गेले होते."

माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी त्याच क्षणी बोललो असतो, असं मला वाटतं. पण असं मला पुष्कळ काही वाटतं. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखंच, "दादा, जरा धरा."

तेव्हा बाईंना मी आज काही नवीन सांगत नाहीये. आम्हा दोघांना माहीत होतं. या सभागृहाला नव्हतं, आणि त्याला कळावं म्हणून मी उभा आहे. परवा शेवटची मोजणी झाली तेव्हा बाईंनी टेप माझ्याच हातात ठेवली. उद्यापासून दुसरं टोक धरायला सांगणारं कोणी नाही. हे बोलायचं ते बाई इथे असतानाच बोलायला हवं होतं.

अध्यक्षमहोदय, तो अहवाल कार्यालयाच्या कपाटात, खालच्या कप्प्यात आहे. मी अधूनमधून बघतो, म्हणून माहीत आहे. ते वाक्य खोडा आणि खरं काय ते लिहा. मी सही करतो. माझी नोकरी एक वर्ष उरली आहे. त्याचं काय करायचं ते आपण ठरवा, मी हरकत घेणार नाही.

बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला, असं शेवटी म्हणतात. बोलण्यात माझं काही कमीजास्त झालेलं नाही. दोन मीटर कमी पडले ते खांब रोवताना, आणि ते पोटात घाला असं म्हणायला मला तोंड नाही. बाईंनी ते छत्तीस वर्षं पोटातच ठेवलं, तेवढं पुरे. आपण मला मध्येच खाली बसवलं नाहीत, त्याबद्दल सर्वांचे आभार.

मावशी, खांब जागेवर नव्हते.

बाई, तुमची मोजणी बरोबर होती.